बेचाळीस खून ते शून्य: ईस्ट पालो अल्टोतील हिंसेचा आलेख

१९९२ साली कॅलिफोर्नियातील ईस्ट पालो अल्टो या शहरात ४२ खून झाले. शहराची लोकसंख्या तेव्हा सुमारे चोवीस हजार होती. दर लाख लोकसंख्येमागे हे प्रमाण १७२ च्या वर जाते. त्याच वर्षी संपूर्ण अमेरिकेचा सरासरी दर ९.३ होता. जेमतेम अडीच चौरस मैलांच्या या शहरात खुनाचे प्रमाण देशाच्या अठरा पटींहून अधिक होते. अमेरिकेतील शहरांत ते त्या वर्षीचे सर्वाधिक ठरले आणि वर्तमानपत्रांनी ईस्ट पालो अल्टोला ‘खुनांची राजधानी’ म्हणायला सुरुवात केली. २०२३ साली याच शहरात एकही खून झाला नाही.

या दोन आकड्यांमधल्या तीस वर्षांची दोन सोपी स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. पहिले म्हणजे, वस्तीच तशी होती, माणसेच हिंसक होती. दुसरे म्हणजे, कडक पोलीस आले आणि शहर ताळ्यावर आले. ही दोन्ही स्पष्टीकरणे पुराव्यापुढे टिकत नाहीत. ईस्ट पालो अल्टोच्या इतिहासातून वेगळाच निष्कर्ष निघतो. छोट्या शहरातील हिंसेचा आकडा तिथल्या रहिवाशांच्या स्वभावाविषयी फार थोडे सांगतो. शहराची हद्द कुणी आखली, महामार्ग कुठून नेला, गृहकर्ज कुणाला नाकारले, शाळा कुणी बंद केली, या निर्णयांचा साचलेला परिणाम त्या आकड्यात असतो. हे बहुतेक निर्णय शहराच्या हद्दीबाहेर झालेले असतात. म्हणून हिंसा कमी करण्याची जबाबदारीही एकट्या त्या शहरावर टाकता येत नाही.

छोट्या शहराचा दर कसा वाचावा

अमेरिकेत गुन्ह्यांची राष्ट्रीय आकडेवारी १९३० पासून एफबीआय गोळा करते. खून, बलात्कार, जबरी चोरी आणि गंभीर हल्ला हे चार गुन्हे ‘हिंसक गुन्हे’ या सदरात मोडतात. देशातील सुमारे अठरा हजार पोलीस यंत्रणा आपापली माहिती पाठवतात, मात्र राष्ट्रीय पातळीवर तशी सक्ती नाही. २०२१ मध्ये एफबीआयने नोंदणीची पद्धत बदलली, तेव्हा हजारो यंत्रणांची माहिती त्या वर्षी पोहोचलीच नाही. शिवाय पोलिसांकडे नोंदवले गेलेले गुन्हे म्हणजे घडलेले सर्व गुन्हे नव्हेत. १९७३ पासून अमेरिकेत घरोघरी जाऊन गुन्ह्याला बळी पडलेल्यांची पाहणी केली जाते. निम्म्याहून अधिक हिंसक प्रसंगांची पोलिसांत तक्रारच होत नाही, असे या पाहणीतून सातत्याने दिसते. जिथे पोलिसांवर विश्वास नाही, साक्ष दिली तर जिवाला धोका आहे किंवा रहिवाशांकडे देशात राहण्याची कागदपत्रे नाहीत, तिथे गप्प राहण्याची कारणे आणखी वाढतात. खून मात्र सहसा लपत नाही. म्हणूनच शहराशहरांची किंवा वर्षावर्षांची तुलना करताना अभ्यासक खुनाच्या आकड्यावर अधिक विसंबतात.

पण छोट्या शहरात हा आकडाही जपून वाचावा लागतो. चोवीस हजारांच्या शहरात एक खून झाला की दर लाखामागील प्रमाण चारने वाढते. दोन हजार वस्तीच्या गावात एकाच खुनाने ते पन्नासवर जाते. एवढा दर मोठ्या महानगरातही क्वचित आढळतो, तरीही त्यावरून ते गाव धोकादायक ठरत नाही. वर्षाला सरासरी चार खून होणाऱ्या शहरात परिस्थिती काडीमात्र बदलली नसतानाही एखाद्या वर्षी एक आणि एखाद्या वर्षी आठ खून होऊ शकतात. सरासरी दोनची असेल, तर निव्वळ योगायोगाने साधारण सात वर्षांतून एकदा शून्य येते. म्हणून ‘खून दुप्पट झाले’ किंवा ‘खून निम्म्यावर आले’ अशा मथळ्यांना छोट्या शहरांच्या बाबतीत फारसा अर्थ नसतो. पाच-दहा वर्षांची सरासरी काढली तरच कल समजतो.

या कसोटीवर १९९२ चे ४२ खून तपासले, तर ते योगायोगाच्या मर्यादेत बसत नाहीत. २०२३ चे शून्य एकट्याने फारसे काही सिद्ध करत नाही, पण त्याआधीच्या अनेक वर्षांच्या उताराशी जोडून पाहिले तर ते विश्वासार्ह ठरते.

दराच्या गणितात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती म्हणजे हद्द. ईस्ट पालो अल्टोला लागून पालो अल्टो आणि मेन्लो पार्क ही संपन्न शहरे आहेत. १९९० च्या जनगणनेनुसार या तीन शहरांची एकत्रित लोकसंख्या एक लाख सात हजारांच्या आसपास होती. ती एकच नगरपालिका असती आणि शेजारच्या दोन्ही शहरांत १९९२ मध्ये एकही खून झाला नाही असे धरले, तर एकत्रित दर सुमारे ३९ आला असता. हाही दर भयंकरच आहे, पण देशातील पहिल्या क्रमांकाचा नाही. रस्त्यावर पडलेल्या मृतदेहांची संख्या तीच राहिली असती. फरक एवढाच पडला असता, की तो प्रश्न श्रीमंत नगरपालिकेच्या हद्दीतला ठरला असता आणि त्या नगरपालिकेला तो आपला मानावा लागला असता.

हद्दीबाहेरून घडलेले शहर

ईस्ट पालो अल्टो सॅन मॅटिओ काउंटीत आहे आणि पालो अल्टो सांता क्लारा काउंटीत. नावातील साम्यामुळे अनेकांना ते एकाच शहराचे दोन भाग वाटतात. प्रत्यक्षात १९८३ पर्यंत ईस्ट पालो अल्टोला शहराचा दर्जाच नव्हता. तो काउंटीच्या अखत्यारीतला, स्वतःची नगरपरिषद नसलेला भाग होता. त्या काळात शेजारच्या शहरांनी आजूबाजूची उपयुक्त जमीन आपापल्या हद्दीत सामील करून घेतली. उरली ती मुख्यतः राहत्या घरांची वस्ती, जिच्याकडून कर थोडा मिळतो आणि सेवा मात्र सगळ्या द्याव्या लागतात. १९५० च्या दशकात १०१ क्रमांकाचा महामार्ग रुंद झाला आणि त्याखाली इथल्या व्यापारी पट्ट्याचा मोठा भाग गेला. महामार्गाने वस्ती दुभंगली आणि पालो अल्टोपासून तुटली. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात स्थायिक झालेले हजारो मराठी अभियंते आज याच महामार्गाने कामावर ये-जा करतात. त्याच्या दोन्ही बाजूंची विषमता मात्र गाडीतून सहज दिसत नाही.

वस्तीची वांशिक रचनाही आपोआप घडलेली नाही. रिचर्ड रॉथस्टीन यांनी ‘द कलर ऑफ लॉ’ या २०१७ च्या ग्रंथात ईस्ट पालो अल्टोचे उदाहरण तपशीलवार मांडले आहे. १९५४ मध्ये इथल्या केवळ गोऱ्यांच्या वस्तीतील एका रहिवाशाने आपले घर एका कृष्णवर्णीय कुटुंबाला विकले. कॅलिफोर्नियातील घरदलालांच्या संघटनेच्या तत्कालीन अध्यक्षाने लगेच तिथे आपले कार्यालय थाटले. आता कृष्णवर्णीयांची रीघ लागणार आणि घरांच्या किमती कोसळणार, अशी भीती घातली गेली. गोऱ्या कुटुंबांनी मिळेल त्या भावाला घरे विकली आणि दलालांनी तीच घरे चढ्या भावाने कृष्णवर्णीय कुटुंबांना विकली, कारण त्यांना दुसरीकडे घर मिळतच नव्हते. गृहकर्जांना हमी देणारी केंद्र सरकारची यंत्रणा मिश्र वस्त्यांतील कर्जांना हमी नाकारत होती. रॉथस्टीन यांच्या मते सहा वर्षांत या भागातील ८२ टक्के लोकसंख्या कृष्णवर्णीय झाली. गोऱ्यांपेक्षा जास्त किंमत मोजून घर घेतलेल्या या कुटुंबांना हप्ते फेडण्यासाठी घरात पोटभाडेकरू ठेवावे लागले. त्यातून गर्दी वाढली आणि वस्तीची अवस्था खालावत गेली. मग त्या अवस्थेचे खापर रहिवाशांवरच फोडले गेले.

शाळेचा निर्णय याच मालिकेत बसतो. १९५८ मध्ये सुरू झालेले रेव्हन्सवुड हायस्कूल वांशिक विभाजन संपवण्याच्या वादात १९७६ साली बंद झाले. त्यानंतर ईस्ट पालो अल्टोची मुले बसने दूरच्या गावांतील शाळांत जाऊ लागली. १९९५ च्या ‘डेंजरस माइंड्स’ या चित्रपटातील वर्ग अशाच एका शाळेतील, बेल्मॉन्टच्या कार्लमॉन्ट हायस्कूलमधील शिक्षिकेच्या अनुभवांवर आधारलेला आहे. चित्रपटाने जगाला त्या मुलांचा आडमुठेपणा आणि शिक्षिकेची जिद्द दाखवली. त्या मुलांच्या स्वतःच्या शहरात हायस्कूलच नव्हते, ही गोष्ट मात्र फार थोड्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. हायस्कूल बंद झाले त्या सुमारास पालकांनी न्यायालयात दाद मागितली होती आणि १९८६ च्या तडजोडीनुसार काही मुलांना शेजारच्या संपन्न शाळा-मंडळांत प्रवेश मिळू लागला. त्याचा लाभ मर्यादित संख्येलाच मिळू शकत होता.

या परिस्थितीत रहिवासी हातावर हात ठेवून बसले नव्हते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्ट्रूड विल्क्स यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. वस्तीचे नाव बदलून नैरोबी करावे असा प्रस्ताव आला, पण १९६८ च्या मतदानात तो फेटाळला गेला. पुढे शहराचा दर्जा मिळवण्याची चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये अगदी थोड्या मतांच्या फरकाने ती यशस्वी झाली.

पण मिळालेले स्वराज्य रिकाम्या तिजोरीसह आले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर करून मालमत्ता कराला एक टक्क्याची मर्यादा घातली होती. त्यानंतर राज्यातील शहरे विक्रीकरावर अधिक अवलंबून राहू लागली. ईस्ट पालो अल्टोत मोठी दुकाने, कारखाने, कार्यालये यांपैकी फारसे काही नव्हते. त्यामुळे नव्या शहराला पोलीस दल उभे करायचे होते, पण त्या पोलिसांना पगार द्यायला शेजाऱ्यांइतका पैसा नव्हता. शिकून तयार झालेले अधिकारी जास्त पगार देणाऱ्या शेजारच्या शहरांत जात आणि इथे पुन्हा नवखी भरती करावी लागे. आसपासच्या भागात सर्वाधिक हिंसा असलेल्या शहराकडे गरजेच्या मानाने तोकडे पोलीस दल होते.

क्रॅकचा बाजार

१९८० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत क्रॅक कोकेन पसरले. ते स्वस्त होते, छोट्या मात्रेत विकले जाई आणि त्याची नशा पटकन उतरत असल्याने गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येई. अशा मालासाठी उघड्या रस्त्यावरचा, रोखीचा, सतत चालणारा बाजार लागतो. ईस्ट पालो अल्टोची जागा त्यासाठी सोयीची ठरली. महामार्गावरून उतरले की युनिव्हर्सिटी ॲव्हेन्यूवर येता येई आणि खरेदी करून काही मिनिटांत पुन्हा महामार्ग गाठता येई. तिथेच व्हिस्की गल्च नावाचा भाग होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आसपास दारूविक्रीला दीर्घकाळ बंदी असल्यामुळे बंदीच्या हद्दीबाहेर, म्हणजे या बाजूला, दारूची दुकाने आणि गुत्ते वाढले होते. शेजारच्या शहरांनी आपल्या दारात नको असलेला व्यवहार गरीब वस्तीच्या दारात जाऊ देण्याची ही जुनी रीत होती. क्रॅकने तीच वाट पुढे वापरली.

या बाजारातील हिंसेचे कारण नशेपेक्षा व्यवहाराच्या स्वरूपात अधिक आहे. बेकायदा धंद्यातील देणेघेणे बुडाले तर न्यायालयात जाता येत नाही. कोपऱ्यावरचा ताबा, उधारी, चोरलेला माल, अपमान या सगळ्यांचा निकाल बंदुकीने लागतो. प्रत्येक खुनानंतर सूडाची नवी देणी तयार होतात. साक्षीदार पुढे येत नाहीत, त्यामुळे मारेकरी मोकळे फिरतात आणि मृताचे मित्र न्याय स्वतःच्या हाती घेतात. १९९२ चा आकडा याच साखळीचा कळस होता. माल विकत घेणाऱ्यांत बाहेरून गाडीने येणारे अनेक होते. दर काढताना छेदात मात्र फक्त शहराचे रहिवासी धरले जातात. गिऱ्हाइकांच्या पैशावर चाललेल्या बाजारातील मृत्यू ईस्ट पालो अल्टोच्या खात्यावर लिहिले गेले, आणि गिऱ्हाइकांची शहरे सुरक्षित म्हणून गणली गेली.

१९९३ ची घसरण

पुढच्याच वर्षी खुनांची संख्या दहाच्या आत आली. कोणत्याही टोकाच्या वर्षानंतर आकडा सरासरीकडे थोडाफार परततो, त्यामुळे काही घट अपेक्षितच होती. पण घट इतकी मोठी होती, की तिचे कारण शोधावेच लागते.

राष्ट्रीय स्तरावरची नेहमीची उत्तरे इथे लागू पडत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेचा खुनांचा दर किंचित वाढून ९.५ झाला होता. देशव्यापी उतार त्यानंतर सुरू झाला. तिसऱ्या गंभीर गुन्ह्याला किमान पंचवीस वर्षे ते जन्मठेप देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा मार्च १९९४ मध्ये आला. पोलीस भरतीसाठी मोठा निधी देणारा केंद्रीय गुन्हेगारी कायदा सप्टेंबर १९९४ मध्ये मंजूर झाला. ईस्ट पालो अल्टोतील पहिली घसरण या तिन्हींच्या आधीची आहे. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही.

१९९३ मध्ये नवे काय घडले, तर शेजारी हद्द ओलांडून आले. शरीफा विल्सन शहराच्या नेतृत्वात होत्या, त्या काळात पालो अल्टो आणि मेन्लो पार्क यांनी आपले पोलीस अधिकारी ईस्ट पालो अल्टोत गस्तीसाठी पाठवले. काउंटीच्या शेरीफने आणि राज्याच्या महामार्ग पोलिसांनीही मनुष्यबळ दिले. महामार्ग पोलिसांची उपस्थिती विशेष उपयोगी होती, कारण क्रॅकचा बाजार महामार्गावरून येणाऱ्या गाड्यांवर चालत होता. रस्त्यावर गणवेश सतत दिसू लागल्यावर बाहेरचे गिऱ्हाईक येईनासे झाले आणि कोपऱ्यासाठी लढण्यात फायदा उरला नाही. एवढ्या छोट्या भूभागात काही डझन अतिरिक्त अधिकारी मोठा फरक पाडू शकतात. महानगरात तसे घडत नाही.

‘कडक पोलीस’ या स्पष्टीकरणात एवढ्यापुरते तथ्य आहे. पण ते अर्धवटच आहे. हे पोलीस मुळात नव्हते ते शहराला लढायची इच्छा नव्हती म्हणून नव्हे, तर पैसा नव्हता म्हणून. आणि ते आले ते शेजाऱ्यांनी आपला खर्च व माणसे दिल्यामुळे. शहराची हद्द काही काळासाठी बाजूला ठेवली गेली, हाच १९९३ चा खरा प्रयोग होता. मात्र अशी मदत कायमची नसते. उसनी माणसे परत गेल्यावर काय, हा प्रश्न उरलाच.

उतार टिकवणाऱ्या गोष्टी

पुढची तीस वर्षे सरळ उताराची नाहीत. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर खुनांची संख्या पुन्हा दोन आकडी झाली. जानेवारी २००६ मध्ये शहराचा एक पोलीस अधिकारी कर्तव्यावर असताना मारला गेला. २०१० नंतर आकडा सामान्यतः एक आकडी राहिला आणि शेवटी २०२३ चे शून्य आले. एवढ्या लांब पल्ल्याचा उतार एका उपायाने होत नाही. तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात.

पहिली गोष्ट, तिजोरी. रेव्हन्सवुड हायस्कूलच्या मोकळ्या जागेवर मोठे व्यापारी संकुल उभे राहिले आणि २००३ मध्ये शहरात ‘आयकिया’चे दुकान आले. व्हिस्की गल्चच्या जागी कार्यालयांचे मनोरे आणि पंचतारांकित हॉटेल आले. विक्रीकर आणि हॉटेलकर मिळू लागल्यावर शहराला प्रथमच स्वतःच्या पोलिसांना धड पगार देणे शक्य झाले. सुरक्षिततेचा पाया किती रुक्ष गोष्टींवर उभा असतो, हे यातून दिसते. विक्रीकर नसेल तर अनुभवी तपास अधिकारी टिकत नाही, तो टिकला नाही तर खुनाचा छडा लागत नाही आणि छडा लागला नाही तर सूड थांबत नाही.

दुसरी गोष्ट, स्थानिक संस्था. १९९४ मध्ये डेव्हिड लुईस, प्रिया हाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘फ्री ॲट लास्ट’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. लुईस स्वतः तुरुंगातून आणि व्यसनातून बाहेर आलेले होते, हाजी स्टॅनफर्डमध्ये शिकलेल्या होत्या. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ईस्टसाइड कॉलेज प्रेप’मुळे वीस वर्षांनी शहरात पुन्हा हायस्कूल आले. आपापल्या घरातील पहिलेच महाविद्यालयात जाणारे विद्यार्थी तिथे घडू लागले. अशा कामाचा हिंसेवर परिणाम होतो का, याचे उत्तर समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील २६४ शहरांच्या वीस वर्षांहून अधिक काळाच्या अभ्यासातून २०१७ मध्ये दिले. दर लाख लोकसंख्येमागे हिंसा रोखण्यासाठी आणि वस्ती सुधारण्यासाठी काम करणाऱ्या दहा संस्था वाढल्या, की खुनांचा दर सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो, असे त्यांना आढळले. १९९० च्या दशकातील घटीचे श्रेय बहुधा पोलीस आणि तुरुंग यांनाच दिले जाते. वस्तीतील लोकांनी स्वतः उद्याने, शाळा आणि रस्ते परत मिळवले, हा भाग त्यात हरवतो.  डेव्हिड लुईस स्वतः मात्र हिंसेचे बळी ठरले; २०१० मध्ये सॅन मॅटिओ शहरात गोळी घालून त्यांचा खून झाला.

तिसरी गोष्ट, पोलिसांची बदललेली भूमिका. २००५ मध्ये ओकलंडहून आलेले रोनाल्ड डेव्हिस पोलीसप्रमुख झाले. तुरुंगातून पॅरोलवर सुटून आलेली माणसे पुन्हा गुन्ह्यात अडकतात ती बहुधा काम, घर आणि उपचार यांच्या अभावी, हे ओळखून त्यांच्या दलाने राज्याच्या तुरुंग विभागासह पुनर्वसनाचा कार्यक्रम चालवला. सुटलेल्या माणसावर फक्त पाळत ठेवणारे पोलीस आणि त्याला मार्गी लावण्यात भाग घेणारे पोलीस यांच्याकडे वस्ती वेगवेगळ्या नजरेने पाहते. साक्षीदार पुढे येतो तो दुसऱ्या प्रकारच्या पोलिसांकडे. ओबामा प्रशासनाने २०१४ मध्ये पोलीस सुधारणांसाठी कृती दल नेमले, तेव्हा त्याचे कार्यकारी संचालकपद डेव्हिस यांच्याकडे आले. चोवीस-तीस हजारांच्या शहरातील अनुभव राष्ट्रीय धोरणाच्या चर्चेत पोहोचला.

घटीचा हिशेब पूर्ण करताना

या उताराची एक बाजू अभिमानाने सांगितली जात नाही. १९९२ मध्ये शहरात राहणारे सगळे लोक २०२३ मध्ये तिथे नव्हते. एकेकाळी बहुसंख्य असलेला कृष्णवर्णीय समाज २०१० च्या जनगणनेपर्यंत सुमारे १७ टक्क्यांवर आला होता आणि जवळपास दोन तृतीयांश लोकसंख्या लॅटिन अमेरिकी वंशाची झाली होती. काही कुटुंबे हिंसेला कंटाळून गेली, काहींनी वाढत्या किमतीला घर विकले आणि अनेकांना भाडे परवडेनासे झाले. २००६ नंतर महामार्गाच्या पश्चिमेकडील सुमारे १,८०० भाड्याची घरे एकाच गुंतवणूकदार कंपनीच्या हाती गेली. भाडी वाढवली गेली, कुटुंबे बाहेर पडली आणि २००९ मध्ये कंपनीला कर्ज फेडता आले नाही. २०११ मध्ये फेसबुकने शेजारच्या मेन्लो पार्कमध्ये मुख्यालय हलवल्यावर जागांचे भाव आणखी चढले. व्हिस्की गल्च पाडताना दारूच्या दुकानांबरोबर छोटे व्यावसायिक आणि सेवाभावी संस्थांची कार्यालयेही हलली.

त्यामुळे घटलेल्या दराचे दोन भाग पाडावे लागतात. एक भाग खऱ्या सुधारणेचा आहे, ज्यात तीच माणसे आणि त्यांची मुले अधिक सुरक्षित झाली. दुसरा भाग स्थलांतराचा आहे, ज्यात गरिबी आणि तिच्याबरोबरची जोखीम दुसऱ्या, स्वस्त गावाच्या हद्दीत गेली. हे दोन भाग अचूक वेगळे काढणे कठीण आहे. पण पहिल्याचेच कौतुक करून दुसरा विसरणे म्हणजे व्हिस्की गल्चची जुनी रीत पुन्हा गिरवणे होय. नकोसा प्रश्न पुन्हा एकदा हद्दीपलीकडे ढकलला जातो.

सगळेच स्थलांतराने घडले, असा उलट टोकाचा निष्कर्षही चुकीचा आहे. १९९३ ची घसरण अवघ्या एका वर्षात झाली. तेवढ्या काळात लोकसंख्या बदलत नाही. शिवाय शहराने स्थापनेपासूनच भाडे नियंत्रणाचा कायदा केला होता आणि पुढेही तो टिकवण्यासाठी झगडा दिला, म्हणून अनेक जुनी कुटुंबे तग धरू शकली. शेजाऱ्यांचा वाटाही पुढे चालू राहिला. २०१६ मध्ये पाण्याचा कोटा संपल्याने शहराला नवी बांधकामे थांबवावी लागली, तेव्हा माउंटन व्ह्यू आणि पालो अल्टो यांनी आपल्या वाट्यातील पाणी दिले आणि २०१८ मध्ये बंदी उठली. परवडणारी घरे बांधायची, तर त्यासाठीही आधी पाणी लागते.

निष्कर्ष

ईस्ट पालो अल्टोच्या आलेखातून तीन गोष्टी निश्चितपणे मांडता येतात. एक, छोट्या शहराच्या एका वर्षाच्या दरावरून त्याची प्रतिमा ठरवणे अशास्त्रीय आणि अन्याय्य आहे. ‘खुनांची राजधानी’ हे बिरुद एका वर्षाच्या आकड्यावरून मिळाले, पण त्याची झळ नोकरीच्या अर्जावर शहराचा पत्ता लिहिणाऱ्या तरुणांना दीर्घकाळ सोसावी लागली. शहरांची अशी क्रमवारी लावू नये, असा इशारा एफबीआय स्वतःच देते. बहुवार्षिक सरासरी, शेजारच्या शहरांसह केलेली गणना आणि लोकसंख्येतील बदलाची नोंद या तीन गोष्टींशिवाय अशा शहराचा गुन्हेगारी अहवाल पूर्ण मानू नये.

दोन, हिंसेचा चढ बाहेरच्या निर्णयांनी रचलेल्या परिस्थितीवर क्रॅकसारखा धक्का बसल्याने येतो. असाच धक्का संपन्न पालो अल्टोलाही बसला होता. तिथेही अमली पदार्थ घेणारे होते, पण तिथे उघडा बाजार उभा राहिला नाही, कारण तिथे हायस्कूल होते, नोकऱ्या होत्या आणि पुरेसे पोलीस होते. माणसांच्या नैतिकतेत फरक नव्हता, व्यवस्थेत होता.

तीन, उतार टिकतो तो तातडीचे उपाय आणि दीर्घकालीन उपाय एकत्र आल्यावर. १९९३ मध्ये उसने पोलीस आले नसते, तर पुढच्या संस्थांना काम करायला मोकळा श्वास मिळाला नसता. त्या संस्था, कर-उत्पन्न आणि विश्वासाचे पोलीस दल उभे राहिले नसते, तर उसने पोलीस परत गेल्यावर कोपऱ्यांवर पुन्हा बाजार भरला असता. या दोन्ही टप्प्यांत निर्णायक ठरले ते हद्दीपलीकडून आलेले सहकार्य. अमेरिकेत हजारो छोट्या नगरपालिका आहेत, आणि स्थानिक पोलीस दलांपैकी जवळपास निम्म्यांत दहापेक्षा कमी पूर्णवेळ अधिकारी आहेत. अशा प्रत्येक शहराने आपापली हिंसा आपल्या तिजोरीतून आवरावी, ही अपेक्षा अवास्तव आहे. संपन्न शेजाऱ्याने पोलीस, शाळा, पाणी आणि घरे यांतला आपला वाटा उचलणे हे उपकार नव्हेत. ज्या हद्दींमुळे त्याची सुरक्षितता वाढली आणि शेजाऱ्याची घटली, त्या हद्दींचे ते देणे आहे. आज जी छोटी शहरे १९९२ च्या ईस्ट पालो अल्टोच्या जागी उभी आहेत, त्यांच्या बाबतीत हे देणे मान्य करणे हीच धोरणाची पहिली पायरी ठरते.